गाडी रिकामी आहे

"बोला, मागची नोकरी का सोडलीत?" भावजयीने विचारलं. इस्त्रीच्या टेबलामागच्या स्टुलावर ती पाठ ताठ करून बसली होती आणि चष्मा नसतानाही नाकावरचा चष्मा वर सरकवत होती.

"आई आजारी होती," मावशी म्हणाली.

"वन्सं, चोरी पकडल्यासारखं काय सांगता? मान वर करा. आई आजारी होती, तिचं उठणंबसणं मीच केलं, ती गेली, आता मी मोकळी आहे. असं ओळीने यायला हवं."

"वहिनी, आई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती."

"मग? गेलेल्या माणसाला आजारी पाडायला काय जातं? त्या काय उठून सांगायला येणार आहेत, मी ठणठणीत होते म्हणून!"

कपड्यांच्या गठ्ठ्याची गाठ सोडत बसलेला भाऊ फिस्सकन हसला. बायकोने बघताच त्याने मान खाली घातली आणि तो शर्ट वेगळे काढू लागला.

मावशी ही या दोघांची मावशी नव्हे. ती भावाची थोरली बहीण. पण अकरा वर्षं शाळेच्या गाडीवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम केलं की बाई सगळ्या गावाची मावशी होते आणि मग घरातलं नावही मागे पडतं. ते काम सुटल्याला आता चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती भावाकडे होती. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. मावशीचं अंथरूण इस्त्रीच्या टेबलाखाली. भावजय वाईट नव्हती. चार वर्षांत तिने एकदाही 'जा' म्हटलं नव्हतं. पण सकाळी दुकान उघडायच्या वेळी ती टेबलाखाली वाकून "उठलात का?" असं विचारायची, आणि रोज त्या दोन शब्दांनी मावशी आणखी थोडी आखडून जायची.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जागा निघाली होती. लहानशी शाळा, सहा गाड्या. कामाबरोबर फाटकाजवळची एक खोली मिळणार होती. अर्ज द्यायला गेली तेव्हा मावशीने ती खिडकीतून बघून घेतली होती. आत एक खाट, एक फळी आणि भिंतीत एक खिळा. त्या खिळ्याला काय अडकवायचं हेही तिने परतीच्या वाटेवर ठरवून टाकलं होतं. दाराला कडी, कडीला कुलूप आणि कुलपाची किल्ली आपल्याजवळ. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला याहून जास्त काय हवं असतं?

"बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात," भावजय म्हणाली. "तुमचे तर गहू आहेत, वन्सं. हा कागद बघा." तिने जुन्या शाळेचा दाखला टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. "'प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष.' शिक्क्यासकट! फक्त ते गाडीतल्या मुलाचं प्रकरण काढू नका. तुमची चूक नव्हती, सगळ्यांना ठाऊक आहे. पण कपड्यावर डाग पडला की तो कुणी पाडला हे कोणी विचारत नाही. डाग तेवढा बघतात. आमच्या धंद्यात रोजचं आहे हे."

मावशीने दाखल्याची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती चालतच निघाली. वाट लांब होती आणि जे आठवायचं नव्हतं ते आठवायला वेळ भरपूर होता. ते काय होतं हे आताच सांगून टाकलेलं बरं, कारण मावशीने तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

शाळेच्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेजवळ एक पाटी टांगलेली असते. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. मुलं चढण्याआधी लाल बाजू बाहेर करायची: 'गाडी तपासायची आहे.' मुलं उतरली की गाडीवरच्या बाईने मागे जाऊन ती फिरवायची: 'गाडी रिकामी आहे.' पाटी मागेच का, पुढे दाराशी का नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. ज्याने हा नियम केला त्याने डोकं चालवलं होतं. पाटी फिरवायची तर शेवटच्या सीटपर्यंत चालत जावं लागतं, आणि चालत गेलं की वाटेतली प्रत्येक सीट डोळ्यांखालून जातेच. पाटी हे नुसतं निमित्त, खरं काम चालण्याचं.

पण मावशीचा गुडघा दुखू लागला होता. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की मागची काच सरकते. गाडीच्या मागच्या पायरीवर एक पाय ठेवून बाहेरूनच हात घातला की पाटी फिरते. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन वर्षं ती पाटी अशीच फिरली आणि दोन वर्षं काहीही झालं नाही. नियम मोडून काही झालं नाही की माणसाला वाटतं, नियमच जादा होता.

मावशी मुलं टाळ्यांनी मोजायची. उतरताना प्रत्येकाने मावशीच्या हातावर टाळी द्यायची. एकतीस मुलं, एकतीस टाळ्या. मुलांना खेळ, मावशीला हिशेब. त्या दिवशीही एकतीस भरल्या. पण एक पुढचे दात पडलेला खोडकर मुलगा टाळी देऊन उतरला होता आणि मुलींच्या पाठीमागून वळसा घालून त्याने दुसऱ्यांदा टाळी दिली होती. त्याचं हसू तिला आठवलं, पण ते दुपारनंतर. तोवर फार उशीर झाला होता.

कारण चार वर्षांचा एक मुलगा शेवटच्या सीटखाली झोपला होता. गाडी उन्हात उभी होती. दुपारच्या फेरीसाठी ड्रायव्हरकाका आले तेव्हा तो त्यांना सापडला, एका हातात स्वतःचा बूट धरलेला. त्याला उचलून काका दवाखान्यापर्यंत पळत गेले. मुलाचा जीव वाचला. पण मूल परत आलं नाही असंच म्हणायचं. बोलायचं विसरलं, चमचा धरायचं विसरलं, आईला ओळखायला त्याला वर्ष लागलं.

चौकशीत तिघे बसले होते. "पाटी कुणी फिरवली?" त्यांनी विचारलं. "मी," मावशी म्हणाली. इथवर खरं होतं. "शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघितलंत?" "हो," ती म्हणाली. "मग मूल आत कसं?" आणि तेव्हा, कुणी ढकललं नसताना, तिच्या तोंडून निघालं, "परत चढलं असेल. दार लावायचं काम ड्रायव्हरचं."

बस्स, एवढंच. ड्रायव्हरकाकांची नोकरी गेली. मुलाची आई मावशीचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमची काही चूक नाही हो." ते वाक्य ऐकल्यावर मावशीला गाडीवर पाय ठेवता येईना. पंधरा दिवसांनी तिने काम सोडलं आणि शाळेने तिला दाखला दिला. प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष.

नव्या शाळेच्या व्हरांड्यात बाकावर तीन बायका बसल्या होत्या, चौथी मुलाखत देऊन बाहेर आली. अंगाने भक्कम, घामाघूम.

"काय विचारतात हो?" बाकावरच्या पोरीने विचारलं. वीस-बावीस वर्षांची, पायांत नवे बूट, ते सारखे करकर वाजत होते.

"एकच प्रश्न घोळवून घोळवून. मूल गाडीत राहिलं तर काय कराल? मी म्हटलं, माझ्या हातून राहणारच नाही! साहेब म्हणाले, बरं, या."

"मग चांगलं झालं की."

"कसलं चांगलं! 'या' म्हणजे 'जा'. लग्नाच्या वयाची झालीस, एवढं कळत नाही?" भक्कम बाई पदराने तोंड पुसत निघून गेली.

पोरगी मावशीकडे सरकली. "मावशी, एक विचारू? हसू नका. मला गाडी लागते."

"काय?"

"म्हणजे मळमळतं. पुढे बसले तर चालतं, मागे गेले की उलटी येते. हे सांगायचं असतं का?"

गाडीवरच्या कामाला गाडी लागणारी पोरगी! मावशीला हसूच आलं. पण तिच्या डोक्यात भावजयीची शिकवणी अजून ताजी होती. "विचारलं तर सांग," ती म्हणाली. "नाही विचारलं तर आपण होऊन कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

पोरीने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आतून हाक आली.

टेबलापलीकडे शाळेच्या मोठ्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी गाड्यांचं बघणारे साहेब. साहेबांच्या समोर किल्ल्यांचा जुडगा होता. मावशीला वाटलं, त्यातलीच एखादी फाटकाजवळच्या खोलीची असेल.

"चार वर्षं काय करत होतात?" मोठ्या बाईंनी दाखला वाचत विचारलं.

"आई आजारी होती. तिचं उठणंबसणं मीच केलं. ती गेली, आता मी मोकळी आहे." मान वर होती, शब्द ओळीने आले. भावजय असती तर तिने पाठ थोपटली असती.

मोठ्या बाईंचा चेहरा मऊ झाला. "माझ्याही आईचं मीच केलं," त्या म्हणाल्या. "सोपं नसतं ते."

मावशीने नजर दाखल्यावर वळवली. पण खोटं एकदा गळ्याखाली उतरलं की पुढचा घास सोपा जातो. आणि पुढच्या प्रश्नाला तर खोटं बोलायची गरजच नव्हती.

"समजा, एखादं मूल गाडीत राहून गेलं..."

"बाई, लहान मूल झोपलं की ते सीटवर दिसत नाही," मावशी म्हणाली. "ते घसरतं. दप्तराच्या मागे जातं, सीटखाली जातं. उभ्याने बघून उपयोग नाही. शेवटच्या सीटपर्यंत चालायचं, प्रत्येक सीटखाली वाकायचं, हात फिरवून बघायचा आणि मगच पाटी फिरवायची. मोजायचं ते तोंडाने, एकेकाचं नाव घेऊन. दुसऱ्या कशानेही नाही."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा! सकाळपासून इतक्या जणी आल्या, एकीने तरी सीटखाली वाकायचं सांगितलं? अनुभव तो अनुभव." मग ते पुढे झुकले. "तुमच्याच त्या शाळेत ना ते प्रकरण झालं? ड्रायव्हर दार उघडं टाकून विड्या ओढायला गेला आणि पोर परत चढलं. बाई बिचारी चांगली होती म्हणे."

ड्रायव्हरकाकांनी जन्मात विडी ओढली नव्हती. चार वर्षांत तिच्या खोट्याला विडी फुटली होती, उद्या दारूची बाटलीही फुटली असती.

"तुम्ही असं करा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी मावशीचा दाखला बाकीच्या कागदांतून काढून वेगळा ठेवला होता. "सोमवारपासून या. आणि पहिल्या दिवशी सहाही गाड्यांवरच्या बायकांना तुम्हीच शिकवा. त्या प्रकरणावरूनच शिकवा, उदाहरण दिलं की डोक्यात बसतं. दार कसं लावायचं, दारावर नजर कशी ठेवायची, सगळं."

साहेबांनी जुडग्यातली एक किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख लावून ती ते उघडत होते.

मावशी त्या नखाकडे बघत राहिली. तिला सहा बायका दिसल्या. सहाही जणी दाराशी उभ्या, दारावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्या. आणि मग सहाही जणी मागच्या पायरीवर पाय ठेवून काचेतून हात आत घालणाऱ्या. शिकवायचं तर काय शिकवायचं? जे घडलंच नाही त्यापासून सावध राहायला?

"साहेब, दार बंद होतं," ती म्हणाली.

"कुठलं दार?"

"त्या गाडीचं. मूल परत चढलं नव्हतं. ते उतरलंच नव्हतं. पाटी बाहेरून फिरवली होती, काच सरकवून. दोन वर्षं रोज तशीच फिरायची. ड्रायव्हरांचा काही दोष नव्हता. ते विडीही ओढत नाहीत."

साहेबांचं नख किल्लीच्या कडीत तसंच राहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. मीच होते त्या गाडीवर."

मोठ्या बाईंनी वेगळा ठेवलेला दाखला पुन्हा उचलला. त्यांनी विचारलं, "चौकशीत हे सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग आज का?"

"तुम्ही शिकवायला सांगितलंत म्हणून." आता मूठ उघडलीच होती, तर पुरी उघडावी. "आणि माझी आई आजारी नव्हती. ती आधीच गेली होती."

हे ऐकून मात्र मोठ्या बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. माणसांचं असंच असतं. मोठं खोटं परक्याला लागतं, लहान खोटं आपल्याला लागतं.

"माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" त्यांनी विचारलं.

"मी मला घेतलं नसतं."

मोठ्या बाईंनी दाखला पुढे सरकवला. साहेबांनी जुडगा उचलून खिशात टाकला. "काच कशी सरकते ते जाताना सांगून जा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "खिळे मारून घेतो." मावशीने सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर पोरगी बूट वाजवत उभी होती. "काय झालं मावशी? काय सांगू मी आत?"

"सांग, शेवटच्या सीटपर्यंत चालत जाईन. प्रत्येक सीटखाली वाकून हात फिरवीन. मग पाटी फिरवीन. मुलांची नावं घेऊन मोजीन." पोरीने ओठ हलवत ते दोनदा घोकलं, परीक्षेच्या दारात मुलं घोकतात तसं. मग ती आत गेली. मावशी फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच मागून बूट वाजले. "मावशी! झालं! सोमवारपासून या म्हणाले! तुमचे उपकार..." फाटकाजवळच्या खोलीकडे न बघता मावशी रस्त्याला लागली.

घरी न जाता ती आधी गॅरेजात गेली. ड्रायव्हरकाका तिथे गाड्या धुतात हे तिला चार वर्षं ठाऊक होतं आणि चार वर्षं ती तो रस्ता टाळत आली होती. अंगणात काका पाइप धरून एका टेम्पोची चाकं धूत होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्याने पांढरे पडलेले.

"काका," ती म्हणाली. एकत्र काम करताना दोघंही एकमेकांना मुलांच्याच नात्याने हाक मारायचे.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मावशी होय."

तिने सगळं सांगितलं. पाटी, गुडघा, टाळ्या, चौकशी, आजची मुलाखत. पाण्याचा आवाज चालूच होता, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागलं. अशी गोष्ट मोठ्याने बोलणं फार कठीण.

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "आरशात दिसायचा तुमचा हात. रोज."

"मग तुम्ही चौकशीत..."

"सांगितलं की. ते म्हणाले, दोन वर्षं आरशात दिसत होतं तर दोन वर्षं गप्प का बसलात? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं." त्यांनी पाइप दुसऱ्या चाकाकडे वळवला. "आणि ही गोष्ट आधी त्या परक्या लोकांना सांगितलीत. माझं घर काय लांब होतं?"

"मी लिहून देते, काका. जुन्या शाळेत जाऊन देते."

"द्या. नका देऊ. मला आता गाडी देणार आहेत का ते? डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हे टेम्पोचं चाक तेवढं नीट दिसतं."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नका," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी काही सांगितलं की ते करून तुम्ही मोकळ्या व्हाल. बाजूला व्हा, पाणी उडेल."

घरी भावजयीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "हातातोंडाशी आलेला घास, वन्सं! स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा!" मग तिला बाकीचं हळूहळू उमगलं आणि तिचा आवाज उतरला. "म्हणजे तुम्ही चार वर्षं आमच्यापासूनही..." भावाने मावशीच्या सांगण्यावरून एक कागद लिहिला, मावशीने खाली सही केली आणि तो जुन्या शाळेत नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने तो ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. भावजय त्या दिवसापासून सकाळी वाकून "उठलात का?" असं विचारत नव्हती. टेबल नुसतं सरकवायची.

महिना-सव्वा महिना गेला. इस्त्रीचे कपडे पोचवायचं काम मावशी करू लागली होती. एका सकाळी गठ्ठा घेऊन ती नव्या शाळेच्या रस्त्याने चालली होती आणि मागून शाळेची गाडी आली. मावशी कडेला झाली. गाडी मुलांनी भरलेली होती, काचेकाचेला नाकं चिकटलेली होती, कुणीतरी तिला जीभ काढून दाखवली. गाडी पुढे गेली. मागच्या काचेला साहेबांनी खरंच पट्टी ठोकली होती, चार खिळे चमकत होते. आणि त्या काचेआड, हसणाऱ्या दोन मुलींच्या डोक्यांच्या मधोमध, हिरवी पाटी लटकत होती.

'गाडी रिकामी आहे.'

मावशीच्या हातातला गठ्ठा खाली पडला. तो उचलून ती गुडघ्याची पर्वा न करता धावली. फाटकाशी पोचली तेव्हा मुलं उतरून रांगेने आत गेली होती, गाडी भिंतीकडेला उन्हात उभी होती आणि दाराच्या पायरीवर नव्या बुटांतली ती पोरगी पाणी पीत बसली होती. बूट आता वाजत नव्हते.

"अगं, पाटी!" मावशी फाटकाच्या गजांतून ओरडली.

पोरगी ओळखून हसत आली. "मावशी, तुम्ही! काय झालं पाटीला? हिरवीच आहे की."

"मुलं आत होती तेव्हाही हिरवी होती!"

"हो, ती हिरवीच असते. सकाळी लाल करा, मग हिरवी करा, परत दुपारी लाल करा... मागे गेलं की मळमळतं मला. तुम्हाला सांगितलं होतं ना?" ती आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांनी विचारलंच नाही. मी पण नाही सांगितलं."

मावशीने गज घट्ट धरला. "आत जाऊन बघ."

"मोजलीत मी. सगळी उतरलीत."

"माझी पण भरली होती. पाया पडते, एकदा जाऊन बघ."

फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला होता. पोरगी वैतागून गाडीत चढली. काचांमधून तिचं डोकं मागे मागे जाताना दिसत होतं. मध्येच ते खाली वाकायचं, दिसेनासं व्हायचं, तेव्हा मावशी गजांना धरून टाचा उंचावायची. मग परत वर यायचं. सातदा वाकलं, सातदा वर आलं. शेवटच्या काचेशी येऊन पोरीने दोन्ही हात हलवले. कोणी नव्हतं. आणि शिकवल्याप्रमाणे तिने पाटी फिरवली.

पाटी लाल झाली. 'गाडी तपासायची आहे.'

पोरगी उतरून आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता, मळमळीने की कशाने कोण जाणे. मागे वळून तिने पाटीकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "हे बघा. तपासली, तर म्हणते तपासायची आहे. आता काय करू?"

"आता काही करू नकोस," मावशी म्हणाली. "दुपारी मुलं चढतील तेव्हा लालच असेल. ती उतरली की मागे जा आणि मग फिरव. उद्या निघताना लाल कर. एवढंच."

"साहेबांना सांगणार आहात का, मला गाडी लागते म्हणून?"

हिला मूठ झाकायला कुणी शिकवलं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. "तू सांग," ती म्हणाली. "आज सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"मावशी, मी खोलीत राहायला आलेय हो. आईला घेऊन आलेय." पोरीने फाटकाजवळच्या खोलीकडे हात केला. दार उघडं होतं. आत खिळ्याला एक म्हातारीची शाल अडकवलेली दिसत होती.

मावशीने शालीकडे पाहिलं, मग गठ्ठा काखेला मारला. "उद्या बघते," एवढं म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला ती शाळेच्या अलीकडच्या वळणावर येऊन उभी राहिली. गाडी वेळेवर आली. काचांना नाकं चिकटलेली होती, कुणीतरी गाणं म्हणत होतं. मावशीने मुलांकडे पाहिलं नाही. गाडी वळेपर्यंत ती थांबली आणि मग तिने मागची काच बघितली.

पाटी हिरवी होती.

मावशी गाडीमागून फाटकाकडे चालू लागली. पहारेकऱ्याला आणि मग साहेबांना काय सांगायचं ते तिने मनात एकदाही घोकलं नाही.